बेसमेंटमधला रेडॉन मोजताय? टेस्ट कुठे फसते आणि नीट कशी करायची

न्यू जर्सी, पेनसिल्व्हेनिया, इलिनॉय, ओहायो इकडे घर घेतलेल्या आपल्या लोकांकडून दर हिवाळ्यात तीच वाक्यं ऐकू येतात, "अरे किट लावलं होतं पण रिझल्टच आला नाही" किंवा "पहिल्यांदा 2 आला, सहा महिन्यांनी 7 आला, हे सगळं बोगस आहे." बोगस काही नाहीये. वीस-तीस डॉलरचं किट त्याचं काम बरोबर करतं, आपण घर नीट तयार केलेलं नसतं, नाहीतर डबा भलतीकडे ठेवलेला असतो, नाहीतर पाकीट चार दिवस गाडीच्या डॅशबोर्डवर पडलेलं असतं. म्हणून सगळं क्रमाने लिहितोय. क्रम महत्त्वाचा आहे, मधली पायरी गाळू नका.

रेडॉन म्हणजे जमिनीतल्या युरेनियमपासून तयार होणारा किरणोत्सारी वायू, त्याला वास नाही, रंग नाही, फरशीच्या भेगांतून, पाइपभोवतीच्या फटींतून आणि सम्पच्या खड्ड्यातून (बेसमेंटमधलं जमिनीतलं पाणी जिथे साठवून बाहेर फेकतात तो) तो घरात शिरतो आणि वर्षानुवर्षं श्वासात गेला तर फुप्फुसाचा कॅन्सर होण्याचा धोका वाढतो. घरात कोणी सिगरेट ओढत असेल तर तो धोका कितीतरी जास्त. एवढं पुरे, आता कामाचं.

## 1. आधी आकडे आणि युनिट समजून घ्या

अमेरिकेत रेडॉन पिकोक्युरी पर लिटरमध्ये मोजतात. ईपीएची (अमेरिकेच्या पर्यावरण खात्याची) मर्यादा 4. म्हणजे 4 किंवा त्याच्या वर आलं तर घर दुरुस्त करा, आणि 2 ते 4 च्या मध्ये असेल तरी विचार करा असं ईपीएच सांगते. अमेरिकेतल्या घरांची सरासरी साधारण 1.3 आहे आणि बाहेरच्या हवेत 0.4 च्या आसपास असतो, त्यामुळे शून्य कुणाच्याच घरात येत नाही, त्याची वाट बघू नका.

बाकी जगात बेकरेल पर घनमीटर चालतं. 1 पिकोक्युरी पर लिटर म्हणजे 37 बेकरेल पर घनमीटर, त्यामुळे अमेरिकेचे 4 म्हणजे 148 बेकरेल. कॅनडाची मर्यादा 200 बेकरेल, ब्रिटनचीही कारवाईची पातळी 200, आणि जागतिक आरोग्य संघटना शक्य असेल तिथे 100 धरा म्हणते. हे पाठ करायची गरज नाही पण 37 ने गुणायचं की भागायचं हे लक्षात ठेवा. माझ्या एका मित्राने रात्री साडेअकराला फोन केला होता, "आमच्याकडे 110 आलाय, आत्ताच्या आत्ता हॉटेलात जाऊ का?" त्याचं डिजिटल मीटर बेकरेलवर सेट होतं. 110 बेकरेल म्हणजे जेमतेम 3 पिकोक्युरी, झोप म्हटलं निवांत.

तपासा: मीटर असेल तर सेटिंगमध्ये युनिट कुठलं आहे ते बघा, लॅबचा रिपोर्ट असेल तर आकड्यापुढे काय लिहिलंय ते वाचा. मगच घाबरा.

## 2. कुठली टेस्ट घ्यायची ते ठरवा

ढोबळमानाने तीन प्रकार आहेत.

पहिला चारकोलचा डबा किंवा पाकीट, आतला कोळसा हवेतला रेडॉन धरून ठेवतो. बहुतेक 2 ते 4 दिवस ठेवायचं (काही किट 7 दिवसांपर्यंतची असतात, किटवर छापलेलं वाचा), मग लॅबला पोस्टाने पाठवायचं. स्वस्त, सोपं, आणि सगळ्यात जास्त चुका यातच होतात.

दुसरा अल्फा ट्रॅक. छोटासा प्लास्टिकचा डबा, आतल्या चकतीवर अल्फा कणांचे चरे उमटतात आणि लॅबवाले ते मोजतात. हा 90 दिवसांपेक्षा जास्त ठेवायचा, वर्षभर ठेवला तर उत्तम कारण मग हिवाळा-उन्हाळा दोन्ही त्यात येतात. यात खिडक्या बंद ठेवायची भानगड नाही, नेहमीसारखं राहायचं.

तिसरा डिजिटल मीटर, एअरथिंग्ज कंपनीच्या मीटरसारखा, प्लगचा नाहीतर बॅटरीचा. दीडशे-दोनशे डॉलर जातात पण कायमचा राहतो.

माझं मत विचाराल तर नवीन घरात आलात की आधी एक चारकोल करा, म्हणजे आठवड्या-दोन आठवड्यात अंदाज येतो, आणि तो 4 च्या खाली आला तरी एक अल्फा ट्रॅक वर्षभर लावून सोडा. रेडॉन रोज बदलतो, ऋतूप्रमाणे बदलतो, पहाटे जास्त आणि दुपारी कमी असं एका दिवसातसुद्धा होतं, त्यामुळे तीन दिवसांचा आकडा म्हणजे तीन दिवसांचाच आकडा. कॅनडात असाल तर तिथे मुळातच किमान तीन महिन्यांची टेस्ट सांगतात आणि तीही थंडीच्या महिन्यांत. ब्रिटनमध्येही तीन महिन्यांची असते, एक डबा बैठकीच्या खोलीत आणि एक बेडरूममध्ये. तिथल्यांनी खालची पायरी 4 थोडी सैलपणे घेतली तरी चालेल, बाकी सगळं तेच.

शेजाऱ्याचा आकडा विचारून टेस्ट टाळू नका. दोन घरं भिंतीला भिंत लागून असली तरी एकात 2 आणि दुसऱ्यात 9 निघू शकतो. ईपीएचा काउंटीप्रमाणे झोनचा नकाशा आहे, तोसुद्धा तुमच्या घराबद्दल काही सांगत नाही.

## 3. तारीख आधी ठरवा, किट नंतर उघडा

ही पायरी सगळे सोडतात. रेडॉनचं अर्धायुष्य 3.8 दिवस आहे, तेवढ्या वेळात तो निम्माच उरतो. म्हणजे चारकोलने जे पकडलंय ते डबा बंद केल्यापासून झपाट्याने संपत चाललंय, आणि पाकीट पोस्टात लोळत पडलं तर लॅबच्या हाती मोजण्याएवढं काही उरत नाही. बऱ्याच लॅब मग सरळ "सॅम्पल उशिरा पोचलं" म्हणून रिपोर्ट द्यायला नकार देतात.

म्हणून उलटं मोजत या. पाकीट कुठल्या दिवशी टाकलं तर वीकेंड किंवा सुट्टी आड येणार नाही? सोमवार किंवा मंगळवार. मग मला जमणारं गणित असं:

- गुरुवारी रात्री 8 ला घर बंद
- शुक्रवारी सकाळी 9 ला डबा उघडून जागेवर ठेवला
- सोमवारी सकाळी 9 ला डबा बंद, 72 तास झाले
- सोमवारी ऑफिसला जाता जाता पोस्टात

सोमवारी लेबर डे नाहीतर मेमोरियल डे नाही ना ते बघा. त्या तीन-चार दिवसांत घरी कोणाचा वाढदिवस, सत्यनारायण, हळदीकुंकू नको, कारण वीस माणसं आली की दरवाजा सतत उघडा. आणि हवामान बघा: मोठं वादळ किंवा जोराचा वारा सांगितला असेल तर दोन-तीन दिवसांची टेस्ट पुढे ढकला, अशा वेळी हवेचा दाब बदलतो आणि आकडा भलताच येतो.

किटवरची एक्सपायरी डेटही बघून घ्या. ॲमेझॉनवरून दोन वर्षांपूर्वी घेतलेलं किट कपाटात सापडलं म्हणून लावू नका. आणि लॅबची फी किटच्या किमतीत आहे का वेगळी, तेही आधीच वाचा, नाहीतर डबा पोचल्यावर ईमेल येते की अजून पैसे भरा.

## 4. घर बंद करा: 12 तास आधीपासून

4 दिवसांपेक्षा कमी टेस्ट असेल तर डबा उघडायच्या 12 तास आधीपासून आणि टेस्ट संपेपर्यंत सगळ्या खिडक्या आणि बाहेरचे दरवाजे बंद. फक्त बेसमेंटच्या नाही, सगळ्या घराच्या. वरच्या मजल्यावरची बेडरूमची खिडकी चार बोटं उघडी असली तरी फरक पडतो, कारण थंडीत गरम हवा वरून बाहेर जाते आणि तिच्या जागी घर खालून जमिनीतली हवा ओढून घेतं. येणं-जाणं नेहमीसारखं चालू ठेवा, दार उघडलं, आत आलो, बंद केलं, एवढं चालतं.

आणि इथे आपल्या घरांची खास अडचण येते. आई-बाबा भारतातून आलेले असतात. पहाटे साडेपाचला उठून आई पहिलं काम काय करते, तर खिडक्या उघडते. "घर कसं कोंडलंय!" माझ्या पहिल्या टेस्टमध्ये हेच झालं, तीन दिवस रोज सकाळी तासभर किचनची खिडकी आणि पॅटिओचं दार सताड उघडं होतं आणि मला ते टेस्ट संपल्यावर कळलं, तेही उदबत्तीच्या धुराचा विषय निघाला म्हणून. आकडा आला 1.9. नीट बंद करून परत केली तेव्हा 5.3. तेव्हापासून प्रत्येक खिडकीच्या कडीवर मराठीत चिठ्ठी लावतो, "सोमवारपर्यंत उघडू नये". आईला नुसतं सांगून भागत नाही, कारणही सांगायला लागतं, की आपण मुद्दाम घर कोंडून वाईटातलं वाईट किती आहे ते बघतोय. मग ती स्वतःच पहारा देते.

बाकी यादी:

- फर्नेस किंवा एसी नेहमीच्या तापमानाला चालू ठेवा, बंद करू नका. खिडकीतला एसी असेल तर बाहेरची हवा आत न घेता आतलीच फिरवेल अशा सेटिंगवर.
- खिडकीत लावायचे फॅन आणि सगळ्या घराची हवा फेकणारा मोठा फॅन, दोन्ही बंद.
- फायरप्लेस पेटवू नका, घर गरम करायचं तेवढंच एक साधन असेल तर गोष्ट वेगळी.
- बाथरूमचा फॅन आणि कपड्यांचा ड्रायर नेहमीसारखे थोडा वेळ चालले तर हरकत नाही.
- स्टोव्हवरचा एक्झॉस्ट. फोडणीपुरता चालेल, पण बिर्याणी किंवा दिवाळीचा फराळ करायला बसलात आणि तो तीन-तीन तास फुल स्पीडवर चालला तर नको. लोकांना वाटतं एक्झॉस्टने रेडॉन कमीच होईल, तसंच होईल असं नाही, घरातली हवा बाहेर फेकली की घर जमिनीतून जास्त ओढतं आणि आकडा वरही जाऊ शकतो.
- ताजी हवा आत घेणारी यंत्रणा घरात कायमच चालू असते अशी असेल तर ती तशीच राहू द्या.

सावधान: टेस्टच्या आदल्या दिवशी उत्साहाने बेसमेंटच्या भेगा बुजवणं, सम्पवर प्लास्टिक चिकटवणं असले उद्योग करू नका. नेहमी जसं असतं तसंच मोजायचंय.

## 5. जागा निवडा

स्वतः राहण्यासाठी मोजत असाल तर घरातला सगळ्यात खालचा मजला जिथे माणसं खरोखर वावरतात. बेसमेंटमध्ये आई-बाबांची झोपायची खोली, तुमचं घरून काम करायचं टेबल, ट्रेडमिल, देवघर, मुलांचं टेबल टेनिस यापैकी काहीही असेल तर बेसमेंट. तिथे फक्त सुटकेस आणि ख्रिसमसचं झाड ठेवलंय, कोणी जातच नाही, तर पहिला मजला. पण पुढे ते फिनिश करायचा बेत असेल तर आत्ताच तिथे मोजा, कारण फरशी आणि भिंती झाल्यावर रेडॉन बाहेर काढणारा पाइप (पायरी 11) घालणं जास्त त्रासाचं पडतं.

घराचा अर्धा भाग बेसमेंटवर आणि वाढवलेली खोली नुसत्या स्लॅबवर किंवा क्रॉल स्पेसवर (घराखालची रांगत जाण्याएवढी पोकळी) असेल तर दोन्हीकडे वेगळा डबा लावा. अपार्टमेंटमध्ये राहत असाल तर तिसऱ्या मजल्याच्या खाली असल्यास टेस्ट करा.

खोलीत नक्की कुठे:

- जमिनीपासून किमान 20 इंच वर. टेबल किंवा स्टूल चालेल. छताला लटकवायचा असेल तर माणसाच्या श्वासाच्या उंचीला, साधारण 6 ते 8 फुटांवर.
- खिडकी आणि बाहेरच्या दारापासून 3 फूट लांब.
- बाहेरच्या भिंतीपासून किमान 1 फूट.
- दुसऱ्या कुठल्याही वस्तूपासून 4 इंच, म्हणजे पुस्तकांच्या मध्ये कोंबू नका.
- फर्नेसच्या व्हेंटचा किंवा पंख्याचा झोत सरळ डब्यावर येता कामा नये. आपल्याला पंखा लागतोच हे मान्य, पण त्या खोलीत त्याचं तोंड फिरवा.
- किचन, बाथरूम, लाँड्री रूम नको, तिथे वाफ आणि ओलावा असतो आणि चारकोल ओलावाही शोषतो. कपाटात नको, सम्पच्या खड्ड्यावर तर अजिबात नको. "जिथून येतो तिथेच मोजू" असं म्हणून सम्पशेजारी ठेवणारे महाभाग आहेत. तिथला आकडा तुमच्या फुप्फुसात जाणाऱ्या हवेचा नसतो.

तपासा: लहान मूल किंवा कुत्रा पोचणार नाही ना? टेस्ट चालू असताना डबा हलवायचा नाही, उघडून बघायचा नाही, आणि त्याच्यावर चहाचा कप तर नाहीच नाही.

## 6. डबा उघडा आणि लगेच लिहा

डबा उघडल्या क्षणी तारीख आणि वेळ फॉर्मवर लिहा. "नंतर लिहू" म्हटलं की नंतर फक्त "सकाळी कधीतरी" एवढंच आठवतं. लॅब किती तास डबा उघडा होता आणि बंद करून किती तास झाले यावरूनच आकडा काढते, वेळ चुकली तर आकडा चुकला. डब्याचा नंबर फॉर्मवरच्या नंबराशी जुळतोय का बघा. मी आता फोनने दोन फोटो काढतो, उघडताना एक आणि बंद करताना एक, फोटोत वेळ आपोआप येते.

जमलं तर दोन डबे शेजारी शेजारी ठेवा, मध्ये 4 इंच अंतर सोडून. वीस डॉलर जास्त जातात पण दोन्ही आकडे जवळपास आले तर मन निश्चिंत होतं. एक 4 च्या खाली आणि एक 4 च्या वर आला आणि मोठा आकडा लहानाच्या दुपटीपेक्षा जास्त असेल, तर काहीतरी बिनसलंय, परत करा.

किमान 48 तास झालेच पाहिजेत. 40 तासांनी "झालं बहुतेक" म्हणून बंद केलेला डबा वाया जातो.

## 7. बंद करा, त्याच दिवशी पाठवा

झाकण घट्ट लावा, किटसोबत आलेली टेप पूर्ण फिरवून चिकटवा, वेळ लिहा, पाकिटात घाला आणि त्याच दिवशी पोस्टात. गाडीत ठेवून विसरणं ही सगळ्यात कॉमन चूक आहे, मीही केलीये. घराबाहेरच्या मेलबॉक्समध्ये ठेवायचं तर पोस्टमन यायच्या आधी ठेवा, नाहीतर एक दिवस तिथेच गेला.

आणखी एक बारीक गोष्ट: चारकोलने शुक्रवारी धरलेला रेडॉन सोमवारपर्यंत बराचसा विरून गेलेला असतो, त्यामुळे उघड्या डब्याच्या आकड्यावर शेवटच्या दिवसाचा प्रभाव जास्त असतो. म्हणजे तीन दिवस कडकडीत पथ्य पाळून शेवटच्या रात्री "आता संपलंच की" म्हणून खिडकी उघडली तर आधीचं सगळं पाण्यात.

## 8. डिजिटल मीटरवाल्यांसाठी

जागेचे नियम तेच. पण मीटर लावून तासाभरात स्क्रीन बघत बसू नका, पहिला दिवस तर सोडूनच द्या. आठवड्याची सरासरी बघा, मग महिन्याची. रात्री 6 दिसलं आणि दुपारी 2 दिसलं तर मीटर बिघडलेलं नाही, रेडॉन असाच हलतो. आणि ते आज बेसमेंटमध्ये, उद्या बेडरूममध्ये, परवा मित्राच्या घरी असं फिरवत राहिलात तर कुठल्याच जागेची सरासरी धड मिळत नाही. एका जागी महिनाभर राहू द्या, मग खुशाल मित्राला द्या.

## 9. रिझल्ट आला, आता?

चारकोलचा पहिला आकडा 4 च्या खाली: आनंद आहे, पण हिवाळ्यात केली होती का? उन्हाळ्यात केली असेल तर थंडीत परत एकदा.

4 ते 8: घाईने कॉन्ट्रॅक्टरला बोलवू नका. दुसरी टेस्ट करा, वर्षभराची केली तर जास्त भरवशाचं, घाई असेल तर परत चारकोल. दोन्ही चारकोल असतील तर सरासरी काढा. 4.8 आणि 3.4 आले तर सरासरी 4.1, म्हणजे दुरुस्ती करा.

8 च्या वर: दुसरी टेस्ट लगेच, तीही थोड्या दिवसांची. वर्षभर वाट बघत बसायचं नाही.

घरात विहिरीचं पाणी असेल तर पाणीही तपासा, आंघोळीच्या शॉवरमधून रेडॉन हवेत येतो, पाण्यात लिटरला 10,000 पिकोक्युरी असेल तर हवेत साधारण 1 ची भर पडते. टाउनचं पाणी असेल तर बहुतेक वेळा काळजी नसते. ग्रॅनाइटच्या ओट्याबद्दल बरेच जण विचारतात, बहुतेक वेळा त्याचा वाटा नगण्य असतो, खरा पाहुणा जमिनीतूनच येतो.

## 10. घर विकत घेताना

इथे वेळ नसतो, इन्स्पेक्शनचे दिवस मोजून असतात, म्हणून व्यावसायिक माणूस दर तासाला नोंद करणारं मीटर 48 तास लावतो. न्यू जर्सीत अशा माणसाकडे राज्याचं सर्टिफिकेट लागतंच, इतर बऱ्याच ठिकाणी एनआरपीपी किंवा एनआरएसबीचं (रेडॉनचं काम करणाऱ्यांना प्रमाणपत्र देणाऱ्या संस्था) सर्टिफिकेट विचारा. आणि जागा बदलते: राहणाऱ्यासाठी "जिथे वावरतो तो मजला", घेणाऱ्यासाठी "पुढे वापरता येईल असा सगळ्यात खालचा मजला", म्हणजे आत्ता रिकामं असलं तरी बेसमेंट.

तासातासाचा आलेख मागून घ्या, नुसता सरासरीचा कागद घेऊ नका. आलेखात मध्येच आकडा धाडकन खाली येऊन चार तासांनी परत चढला असेल तर कोणीतरी खिडकी उघडली असण्याची शक्यता आहे. मुद्दामच उघडली असं नाही, घर बघायला आलेल्यांसाठीही उघडतात, पण टेस्ट परत करा म्हणायला तेवढं कारण पुरतं. विकणाऱ्याने "आमची चार वर्षांपूर्वीची टेस्ट आहे" म्हणून कागद दाखवला तर धन्यवाद म्हणा आणि आपली करा.

## 11. सिस्टीम बसवल्यावर परत मोजा

दुरुस्ती म्हणजे बहुतेक घरांत फरशीला भोक पाडून पीव्हीसीचा पाइप घालतात आणि अॅटिकमधला किंवा बाहेरचा फॅन स्लॅबखालची हवा ओढून छताच्या वर सोडतो. खर्च घरावर अवलंबून, साधारण हजार ते अडीच हजार डॉलर धरून चाला.

पाइपावर रंगीत पाण्याची यू आकाराची नळी असते. तिच्या दोन बाजूंची पातळी वेगवेगळी दिसली म्हणजे फॅन ओढतोय, एवढंच. ती रेडॉन मोजत नाही! कित्येक जण रोज नळीकडे बघून खूश असतात आणि टेस्ट करतच नाहीत. फॅन चालू होऊन 24 तास उलटल्यावर आणि 30 दिवसांच्या आत चारकोल टेस्ट करा, वरच्या पायऱ्या 3 ते 7 जशाच्या तशा, आणि ज्याने सिस्टीम बसवली त्याच्याच माणसाकडून नको, आपला डबा आपण लावा. त्यानंतर दर दोन वर्षांनी एकदा, शिवाय बेसमेंट फिनिश केलं, फर्नेस बदलली, खोली वाढवली की परत. मी पाइपावरच मार्करने शेवटच्या टेस्टची तारीख आणि आकडा लिहून ठेवतो. सध्या तिथे लिहिलंय 0.8, आणि त्याखाली आईच्या अक्षरात "खिडक्या बंद होत्या".